झांग वेइली सांडातून यूएफसीपर्यंत कशी पोचली, आणि तुमच्या मुलीला त्यातलं काय घेता येईल

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चौदा वर्षांची. वुशूमध्ये जिल्हा पातळीवर पदक मिळालंय. मोबाइलवर झांग वेइलीच्या क्लिप बघून तिने 'मला हेच करायचंय' असं घरात जाहीर करून टाकलंय. तिच्या आईला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: ही चिनी मुलगी मुळात किकबॉक्सिंगची चॅम्पियन होती का, ती यूएफसीपर्यंत (एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींची अमेरिकेतली मोठी मालिका) पोचली कशी, आणि आपल्याकडून त्या वाटेने जाता येतं का?

मी सांडा खेळलो आणि आता शिकवतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. ताई, आधी सोपं सांगून टाकतो. ती किकबॉक्सिंगमधून आली असं सगळे म्हणतात आणि ते ढोबळमानाने चालतं, पण तिचा खेळ सांडा. तुमची मुलगी वुशूत लढतीचा प्रकार खेळत असेल तर तीही सांडाच खेळते. दोघींची सुरुवात एकाच खेळातून. मात्र झांगने जे पट्टे, म्हणजे विजेतेपदं, जिंकले, ते सांडाच्या जोरावर जिंकले असं समजू नका. पायाभरणी सांडाची, पण निर्णायक हत्यारं तिने नंतर कमावलेली आहेत. माझ्या मते तिच्या कारकिर्दीत बघण्यासारखं हेच आहे.

नियमांतला फरक कळला की पुढचं सोपं जाईल. के-वन पद्धतीच्या किकबॉक्सिंगमध्ये ठोसा, लाथ आणि गुडघा चालतो, पण समोरच्याला उचलून आपटता येत नाही. हौशी सांडात उलट: ठोसा आणि लाथ चालते, पाडणंही चालतं, पण गुडघा आणि कोपर बंद. लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन राउंडची, दोन राउंड जिंकले की विषय संपला. खेळतात ८ मीटर बाय ८ मीटरच्या उंच चौथऱ्यावर, आणि एका राउंडमध्ये दोनदा चौथऱ्याखाली गेलात तर तो राउंड गेला. पकड घेतल्यावर लगेच पाडता आलं नाही तर पंच सोडवतो. आणि पडल्यावर? काही नाही. उठायचं, पुन्हा सुरू. जमिनीवरची लढत सांडात नाहीच. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

चीनमध्ये सांडा हा सरकारी व्यवस्थेतला खेळ आहे. १९७९ पासून त्याचे प्रयोग सुरू झाले, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेपासून तो पदकांच्या यादीत आहे. २००० मध्ये 'सांडा किंग' ही व्यावसायिक मालिका टीव्हीवर आली, अंगावरची चिलखतं उतरली आणि ल्यू हायलोंगसारखी नावं घराघरात पोचली. गावोगावच्या मार्शल आर्ट शाळा, त्यातून प्रांताचा संघ, मग राष्ट्रीय संघ अशी शिडी. शाळेत मुलं राहतात, तिथेच खातात, तिथेच सराव करतात. आपल्याकडच्या कुस्तीच्या तालमीत वस्तीला राहिलेल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

झांग हबेइ प्रांतातल्या हानदानची, खाणकामगाराच्या घरातली. बारा-तेरा वर्षांची असताना ती अशा शाळेत दाखल झाली आणि चौदाव्या वर्षी प्रांताची सांडा विजेती झाली. म्हणजे तुमच्या मुलीच्या वयाची असताना. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे, आणि क्लिपा करणारे इथून एकदम यूएफसीवर उडी मारतात.

पण सतराव्या वर्षी कमरेच्या दुखापतीने तिला खेळ सोडावा लागला. संघ सुटला, पुढे काय याचा पत्ता नाही. ती बेइजिंगला गेली आणि मिळेल ते काम केलं. बालवाडीत शिकवलं, हॉटेलच्या रिसेप्शनवर बसली, बॉडीगार्डचं काम केलं आणि शेवटी एका जिमच्या फ्रंट डेस्कला लागली. ही शेवटची नोकरी धरली ती सरावाला जागा मिळते म्हणून. तिथे जिउ-जित्सूशी, म्हणजे जमिनीवर पकडी लावून हरवण्याच्या खेळाशी, ओळख झाली, प्रशिक्षक त्साय श्वेजुन भेटले, त्यांच्या ब्लॅक टायगर फाइट क्लबमध्ये ती एमएमए शिकायला लागली.

नोव्हेंबर २०१३ मध्ये एमएमएची पहिली व्यावसायिक लढत. ती हरली. समोर मेंग बो होती, निकाल गुणांवर गेला. तेव्हा झांग चोवीस वर्षांची होती. त्यानंतर ती पुढच्या सात वर्षांत एकदाही हरली नाही. सलग २१ विजय. त्यात कुनलुन फाइटचा स्ट्रॉवेट या हलक्या वजनगटाचा पट्टा आला. कुनलुन ही चीनमधली मोठी लढत-मालिका. २०१४ मध्ये सुरू झाली आणि किकबॉक्सिंग व एमएमए दोन्ही दाखवायची, म्हणून अनेकांच्या डोक्यात झांग 'किकबॉक्सिंगवाली' म्हणून बसली असावी.

यूएफसीत ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली. लॉस एंजेलिसला डॅनिएल टेलरविरुद्ध गुणांवर जिंकली. नोव्हेंबरमध्ये बेइजिंगला जेसिका अगिलारला पहिल्याच राउंडमध्ये आर्मबार लावला. मार्च २०१९ मध्ये टिशा टोरेसला हरवलं. आता मधल्या लढतीकडे जरा बघा. सांडात वाढलेली मुलगी जिंकली कशी? खाली झोपून, समोरचीचा हात पायांत अडकवून. तिला जमिनीवरचं काही येत नसेल असं धरून चालणाऱ्यांना ते उत्तर होतं.

मग ३१ ऑगस्ट २०१९, शेंझेन. ब्राझीलची जेसिका आंद्राजी त्या वेळची चॅम्पियन, बुटकी, दणकट, सरळ अंगावर धावून जाणारी. लढत ४२ सेकंदांत संपली. झांग यूएफसीचा पट्टा जिंकणारी पहिली चिनी खेळाडू ठरली. तुमच्या मुलीने बघितलेली क्लिप बहुतेक हीच असणार.

ती क्लिप तिच्याबरोबर बसून, वेग कमी करून पुन्हा बघा. आंद्राजी नेहमीसारखी पुढे येते. झांग मागे सरकते पण सरळ रेषेत नाही, आणि उजवा ठोसा बसतो. आंद्राजी हलते. इथे बहुतेक सांडावाले अंतर राखून पुन्हा लाथ मारायला बघतील. झांग तसं करत नाही. ती जवळ जाते, मान धरते, कोपर मारते, गुडघे मारते, पुन्हा मारते. शेवट ठोशांनी होतो, पण आंद्राजी मोडली ती त्या मिठीत. गुडघा आणि कोपर, दोन्ही हौशी सांडात बंद असलेल्या गोष्टी! चौदा वर्षांच्या प्रांत विजेतीला हे मारता आलं नसतं, कारण तिला ते कोणी शिकवलंच नव्हतं.

मग सांडाने तिला दिलं काय? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तोल. आमच्याकडे एक सराव रोजचा असतो. एक जण कमरेच्या उंचीची लाथ मारतो, दुसरा ती काखेत पकडतो आणि लगेच उभ्या पायाला झाडू मारतो. नवी पोरं पाय पकडला गेला की मागे झुकतात, हात हवेत, आणि धाडकन पाठीवर. शिकलेलं पोर उलट करतं: पकडलेला गुडघा आत वळवून खाली दाबतं, अंग पुढे टाकतं, समोरच्याची मान धरतं आणि उभ्या पायावर टुणटुण उड्या मारत जागा बदलत राहतं. हे वर्षानुवर्षं केलं की अंगात मुरतं. झांगकडे ते आहे. तिला पाडायला येणाऱ्या पैलवान मुलींची जी दमछाक होते, त्याचं मूळ तिथे आहे. दुसरी गोष्ट अंतराची जाण. चौथऱ्याच्या कडेवर खेळून खेळून मागे किती जागा उरलीय हे न बघता कळायला लागतं.

मार्च २०२० ची पोलंडच्या योआना येंजेचिकविरुद्धची लढत अनेकांच्या मते महिलांच्या एमएमएतली सर्वोत्तम लढत आहे, आणि मलाही तसंच वाटतं. तिची तयारीच विचित्र झाली. कोरोना पसरायला लागला तसा झांगचा चमू चीनमधून बँकॉकला, तिथून अबू धाबीला आणि मग लास वेगासला गेला. ऐन तयारीच्या आठवड्यांत तीन देश. पाच राउंड दोघी थांबल्या नाहीत. येंजेचिकचं कपाळ इतकं सुजलं की चेहरा ओळखू येईना. पंचांत एकमत नव्हतं, दोघांनी ४८-४७ झांगला दिले, एकाने तेवढेच येंजेचिकला. त्या रात्री झांग हरली असती तरी तक्रारीला जागा नव्हती.

पुढची दोन वर्षं मात्र सगळ्यांनी बघावीत अशी. एप्रिल २०२१, जॅक्सनव्हिल, समोर रोझ नामायुनास. १ मिनिट १८ सेकंदांत डोक्यावर लाथ बसली आणि पट्टा गेला. ती लाथ पुढच्या, डाव्या पायाची होती. मागच्या पायाची लाथ येताना कंबर आणि खांदा आधी बोलतात. पुढच्या पायाची लाथ चाहूल देत नाही. सांडावाले हा पुढचा पाय दिवसभर वापरतात, आणि सांडातच वाढलेली मुलगी त्याच पायाने गेली. नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्कला पुन्हा दोघी. या वेळी पाच राउंड, पुन्हा पंचांत दुमत, पुन्हा नामायुनास. शेवटच्या राउंडांत झांग खाली अडकली आणि लढत तिथे निसटली.

या दुसऱ्या लढतीच्या आधी तिने हेन्री सेहुदोकडे ॲरिझोनात सराव सुरू केला होता. सेहुदो म्हणजे २००८ च्या बेइजिंग ऑलिंपिकमधला फ्रीस्टाइल कुस्तीचा सुवर्णपदकविजेता, पुढे यूएफसीत दोन वजनगटांचा चॅम्पियन. चॅम्पियन होऊन गेलेली, तिशी ओलांडलेली खेळाडू कुस्तीचे पट काढायला नव्याने शिकते, हे वाटतं तितकं सोपं नाही. त्या वयात माणूस जे येतं तेच घोटत बसतो. आणि शिकलेलं लगेच फळत नाही, पाहिलंत ना? नोव्हेंबरला ती हरलीच. त्याचा उपयोग पुढच्या वर्षी दिसला.

जून २०२२, सिंगापूर: येंजेचिक पुन्हा समोर, दुसऱ्या राउंडमध्ये गिरकी घेऊन उलट्या मुठीचा फटका, येंजेचिक तोंडावर पडली आणि तिथेच तिने निवृत्ती जाहीर केली. नोव्हेंबर २०२२, न्यू यॉर्क: चॅम्पियन आता कार्ला एस्पार्झा होती, अंगापिंडाने पैलवान. सगळ्यांना वाटलं झांग तिला लांब ठेवून ठोकेल. झांगने दुसऱ्या राउंडमध्ये जमिनीवर मागून गळा आवळून तिला हाताने थोपटून हार मानायला लावलं. पैलवानाला पैलवानाच्याच आखाड्यात. मला विचाराल तर ४२ सेकंदांपेक्षा हा विजय मोठा.

त्यानंतरचं थोडक्यात. ऑगस्ट २०२३ मध्ये बॉस्टनला अमांडा लेमोसला तिने पाच राउंड चोपलं. एकूण फटक्यांचा हिशेब २९६ विरुद्ध २९, आणि त्यातले बरेचसे फटके लेमोस खाली असताना. एप्रिल २०२४ ला यूएफसी ३०० मध्ये यान श्यावनान, म्हणजे पट्ट्यासाठी दोन चिनी खेळाडूंची पहिली लढत. यानही सांडातलीच. पहिल्या राउंडच्या अखेरीला तिचा गळा झांगच्या हातात होता आणि घंटेने तिला वाचवलं. एका खेळात वाढलेल्या दोघींमध्ये फरक पडला तो त्या खेळात नसलेल्या गोष्टीने. फेब्रुवारी २०२५ ला सिडनीत तातियाना सुआरेझ, तोवर अपराजित, जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्य मिळवलेली. तीही गुणांवर हरली, आणि बराच वेळ वर झांगच होती.

मग तिने तो पट्टा सोडला आणि वरच्या वजनगटात, म्हणजे ५२.२ किलोवरून ५६.७ किलोत, व्हॅलेंटिना शेवचेन्कोला आव्हान दिलं. नोव्हेंबर २०२५, न्यू यॉर्क. तिन्ही पंचांनी पाचही राउंड शेवचेन्कोला दिले. ही लढत मुलीला जरूर दाखवा. शेवचेन्को जूदो आणि मुए थाय दोन्हींत मुरलेली, अंगाने मोठी. जवळ आलं की टांग मारते, लांब गेलं की लाथ. साडेचार किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पकडीत तो मणाचा होतो.

आता तुमच्या मुलीचं.

आपल्याकडे सांडातून वर जाणाऱ्या मुली आहेत. मणिपूरची रोशिबिना देवी २०१८ ला जकार्तात कांस्य आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ६० किलो गटात रौप्य घेऊन आली. अंतिम फेरीत तिला चीनच्या वू श्यावेइने हरवलं. त्याआधी २०१० ला ग्वांगझोला संध्याराणी देवीचं रौप्य. हरियाणाची पूजा कादियान २०१७ मध्ये जागतिक विजेती झाली. म्हणजे सांडा सांडा म्हणून खेळायचा तर त्यात वर जायला जागा आहे. शालेय स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा, दहावी-बारावीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, हा हिशेब आई-वडिलांनी करावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रमाणपत्र मात्र कोणत्या संघटनेचं आहे ते आधी तपासा. एका खासगी संघटनेच्या 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धेची सुवर्णपदकं घेऊन आलेली पोरं माझ्याकडे आली आहेत, पैसे भरून. क्रीडा कार्यालयात त्या कागदाला किंमत शून्य. क्रीडा गुणांसाठी आणि आरक्षणासाठी कोणत्या स्पर्धा धरतात, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारलं की समजतं.

यूएफसीच्या वाटेवर मुझफ्फरनगरकडची पूजा तोमर हे आपलं जवळचं उदाहरण. तीही वुशूची राष्ट्रीय विजेती, झांगच्याच वजनगटातली. जून २०२४ मध्ये लुईव्हिलला ती यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली, लाथांच्या जोरावर. पुढची लढत मार्च २०२५ ला लंडनमध्ये. तिथे ती दुसऱ्या राउंडमध्ये आर्मबारमध्ये अडकली आणि हरली. यात तिला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही, ती जिथवर पोचली तिथे आपलं कोणी पोचलं नव्हतं. पण सांडातून येणाऱ्या मुलीचं दुखणं कुठे असतं ते त्या लढतीत उघड दिसतं.

म्हणून माझा सल्ला असा. आत्ता सांडाच खेळू द्या, अठरापर्यंत एमएमएची लढत नको. चौदाव्या वर्षी डोक्यावर मार खाण्याची घाई कशाला? पण आठवड्यातून दोन दिवस तिला कुस्तीच्या तालमीत किंवा जूदोच्या मॅटवर पाठवा. महाराष्ट्रात राहून कुस्ती शिकायला अमेरिकेला जावं लागत नाही! आता बऱ्याच ठिकाणी मुलींना तालमीत घेतात. पट काढणं, पट सोडवणं आणि खाली गेल्यावर न घाबरणं, एवढं या वयात अंगात बसलं तर पुढे जिउ-जित्सू शिकायला निम्मा वेळ लागेल. झांगला हे विशी-तिशीत शिकावं लागलं, तुमच्या मुलीकडे वेळ आहे.

क्लब निवडताना भिंतीवरची पदकं बघू नका. मुलींना सरावाला जोडीदार कोण असतं ते बघा. सगळ्या मुलींना एकमेकींशी किंवा थेट मोठ्या मुलांशी खेळवत असतील तर विचारा, वजनाची जोडी कशी लावता? पाडण्याचा सराव गादीवर होतो की फरशीवर पातळ चटई टाकून? आठवड्यात किती दिवस पूर्ण जोराची लढत असते? या वयाला 'रोज' असं उत्तर आलं तर चपला घाला आणि निघा.

कंबर. झांगची सतराव्या वर्षी गेली, आणि हे तिच्यापुरतं नाही. वाढीच्या वयात फिरून मारलेल्या लाथा आणि उचलून आपटणं, दोन्हींचा पीळ कमरेच्या त्याच मणक्यांवर येतो. मुलगी मागे वाकताना दुखतं म्हणाली आणि दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, तर तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात तिथे बारीक तडा असू शकतो, आणि तो वेळेत कळला तर बहुतेकदा विश्रांतीने बरा होतो.

आणि वजन. स्पर्धेआधी खालच्या गटात बसवण्यासाठी पाणी तोडणं, प्लास्टिकचा सूट घालून पळवणं, जेवण बंद करणं, हे चौदा वर्षांच्या मुलीला कोणी सांगत असेल तर तो प्रशिक्षक कितीही नावाजलेला असला तरी बदला. पाळी अनियमित झाली तर तेही मोकळेपणाने विचारा, बहुतेक पुरुष प्रशिक्षक हा विषय काढतच नाहीत. ती आज ज्या वजनाची आहे त्याच गटात खेळू दे, हरली तरी चालेल. पुढच्या वर्षी उंची वाढली की गटही आपोआप वरचा येईल.